बखतावरचं दूध

उर्स खोसोच्या अंगणात बाजेवर टेकताना निवृत्त फौजदार गुलशेरचे गुडघे कुरकुरले. सोबत त्याचा जुना हवालदार मीरल. शिकारपूरहून येता येता उन्हाने मीरल पार आंबून गेला होता. त्याला फक्त सावली हवी होती.

"लग्न तोंडावर आलंय," उर्स म्हणाला, "आणि आता माझी बायको सांगते, हुरमतला मी अंगावर पाजलंय. म्हणजे आमचा मुलगा साजन तिचा दूधभाऊ, आणि दूधभावाशी निकाह हराम. माझ्या सख्ख्या भावाची पोर, घरातल्या घरात सोयरीक, आणि मोडली. खरं-खोटं तुम्ही शोधा. खोटं निघालं तर हिला माहेरी धाडीन."

"माहेर भिंतीपलीकडेच आहे की," गुलशेर म्हणाला. "तुमच्या काकांचीच मुलगी ना?"

उर्सची बायको बखतावर धाकट्या मुलाला, मिठूला, वारा घालत होती. पोर पिवळंफटक, हातावर सुयांचे काळे डाग.

"अदी, बहीण म्हणून विचारतो, केव्हा पाजलंत?" गुलशेर म्हणाला.

"तिची आई तापाने पडली होती तेव्हा. पुष्कळदा."

"मी शुद्धीत नव्हते, साईं," हुरमतची आई म्हणाली. "पाजलंही असेल."

"घराण्याला नजर लागलीय," म्हातारी सासू कोपऱ्यातून बोलली. "दोन नातवंडं पुरली. हे तिसरं परक्यांच्या रक्तावर जगतंय."

हुरमत चहा घेऊन आली. तेवढ्यात दारातून साजन आत शिरला.

"पोरी, तोंड झाक," बखतावर म्हणाली. हुरमतने ओढणी पुढे घेतली.

"साक्षीदार नाही, साहेब," मीरल कुजबुजला. "कुराणावर हात ठेवायला लावू."

"खोटी शपथ कशाला घ्यायला लावतोस?" गुलशेर म्हणाला. " दूधभावापुढे बहीण तोंड झाकते का रे? पाजलं असतं, तर लहानपणापासून हा पडदाच नसता. आत्ताही सवयीने अदींच्या तोंडून गेलं."

उर्स ताडकन उठला.

"बसा, अदा, भावासारखं सांगतो," गुलशेर म्हणाला. "ती उगाच खोटं बोलली नाही. तुम्ही दोघं नवरा-बायको धडधाकट. पण एकाच आजोबांकडून रक्तातला तोच दोष दोघांत लपून आलाय. मुलाला तो आईकडूनही आला, बापाकडूनही आला, की मिठूसारखं होतं. साजनमध्ये तो लपलेला असेल, हुरमतमध्येही असेल."

"दोन वर्षं सांगतेय, आधी रक्त तपासा," बखतावर पंखा न थांबवता म्हणाली. "कुणी ऐकलं नाही. दुधाचं मात्र एका दिवसात ऐकलं."

उर्स मिठूच्या हाताकडे बघत राहिला.

"साजन," तो शेवटी म्हणाला, "उद्या मिठूला रक्त चढवायला नेशील, तेव्हा तुझंही तपासून घे. हुरमत आणि तिची आईही येतील."

"पडदा करून," बखतावर हळूच म्हणाली.