कप्तान बदलला कुणी?

"तान्ह्या बाळालासुद्धा एवढं जपावं लागत नाही! मीठ मोजा, पाणी तापवा, दिवे लावा... आणि तरी यांची तोंडं वाकडी ती वाकडीच!"

काका फिशटँकच्या मागे डोकं घालून पुटपुटत होता. सोफ्याखाली पेनाचं टोपण शोधणाऱ्या भिंगाला शब्द न् शब्द ऐकू आला. भिंग म्हणजे त्याची जाड चष्म्याची पुतणी. सुट्टी लागल्यापासून तिला एकच उद्योग होता, जिथंतिथं नाक खुपसायचं!

काका गेला तशी ती बाहेर आली आणि काचेला नाक लावून ओरडली, "अरे, कप्तान बरा झाला!"

तिचा धाकटा भाऊ तुफान खुर्ची पाडत आला. मागोमाग शेजारची मैत्रीण लाउडस्पीकर आली. हिला हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं.

कप्तान हा आजोबांचा लाडका मासा. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. हृदयाच्या ऑपरेशननंतर आजोबांनी बोलणंच टाकलं होतं. मग काकानं खाऱ्या पाण्याची ही टाकी आणली, आणि आजोबा कप्तानाशी गप्पा मारू लागले. चार घास जास्त जेवूही लागले. कालपासून मात्र कप्तानाच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे ठिपके होते. आज एकही नाही!

"काकानं औषध दिलं असेल!" तुफान म्हणाला.

"ठिपके जातील रे औषधानं. पण त्याचा शेपटीजवळचा तुटका पट्टा एका रात्रीत कसा जुळेल?" भिंग म्हणाली.

"म्हणजे हा कप्तान नाहीच!" लाउडस्पीकर गरजली.

"हळू! आजोबा झोपलेत!"

बाकीचे दोन निळे मासे दगडांना अंग घासत होते. भिंगानं चष्मा पुसून पाहिलं. त्यांच्यावरही ठिपके! हेही गेले तर आजोबा पुन्हा गप्प होणार!

तिघं धावत सुटली ती थेट मागच्या रस्त्यावरच्या मासेदुकानात. दुकानदार बाई काचा घासत होत्या. भिंगानं काकाचं आणि ठिपक्यांचं सांगितलं.

"तुमचा काका ना? आज सकाळीच आणखी एक नारिंगी मासा घेऊन गेला."

"आणखी एक? मग आधीचे...?"

बाईंनी फडका पिळला, पुन्हा पिळला. "आता काय सांगू, बाळा."

त्यांनी बाकीचं मात्र सगळं सांगितलं. ठिपके म्हणजे बारीक जीव. माशावर पोसतात, गळून वाळूत बसतात, तिथं वाढतात आणि पुन्हा मासा शोधतात. औषध टाकीत घातलं तर माशांसोबतची कोळंबी मरेल. म्हणून सगळे मासे वेगळ्या टबात काढून तिथंच औषध द्यायचं, आणि टाकी दोनेक महिने माशांवाचून ठेवायची. जीव उपाशी मरतात.

"काकाला हे सांगितलंत?"

"सांगितलं की! म्हणे, टाकी रिकामी दिसली तर वडील विचारतील."

"मग तुम्ही मासा विकलात कशाला?" भिंग भडकली.

बाई ओशाळल्या. त्यांनी हीटर, हवेचा पंप आणि औषध उसनं दिलं आणि मात्राही समजावली.

घरी न्हाणीघरात नवा टब लागला, त्यात खारं पाणी, हीटर, पंप. इतक्यात फाटक वाजलं. काका!

"जा, अडव त्याला!" भिंगानं लाउडस्पीकरला ढकललं.

"काका! व्हेल झोपतो कसा? त्याला खोकला होतो का? तुम्ही पोहताना डोळे उघडे ठेवता का?"

आत नुसती धांदल! तुफान जाळी फिरवतोय, मासे दगडांमागे दडतायत, फरशीवर तळं झालंय. "डावीकडे! अरे, तुझं डावं!" एकेक करत तिन्ही मासे टबात गेले.

काका आत आला तेव्हा टाकीत फक्त कोळंबी होती. त्यानं कपाळाला हात लावला. दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात नारिंगी मासा.

"काय केलंत हे, कार्ट्यांनो! टाकीतला गेलाच तर हाताशी असावा म्हणून दुसऱ्या दुकानातून हा आणला, तर..."

"काका, रोग वाळूतच आहे! तुझा प्रत्येक नवा मासा म्हणजे त्याचं जेवण!"

दारात काठी वाजली. आजोबा!

"कप्तान कुठाय?"

"तो... हवापालटाला, बाबा..." काका चाचरला. लाउडस्पीकरचं तोंड जन्मात पहिल्यांदाच बंद झालं. तुफान ओल्या पायांकडे बघत राहिला.

भिंग आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. ती म्हणाली, "आजोबा, कप्तान मेला. आता टबात आहे तो दुसराच आहे. त्याला जगवायचं तर टाकी दोन महिने अशीच रिकामी दिसणार. चालेल?"

आजोबा सावकाश खुर्चीत टेकले. रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले.

"म्हणजे आज दुपारी," आजोबा अखेर म्हणाले, "मी माझ्या गुडघ्याची गाऱ्हाणी परक्या माशाला सांगत होतो?"

तुफान फिस्सकन हसला.

"शाबास, पोरांनो! खरं बोलणारं कुणीतरी आहे या घरात. चला, दवाखाना दाखवा तुमचा." ते काठी टेकून उठले. मग काकाकडे आणि त्याच्या पिशवीकडे वळले. "आणि हा कोण? उपकप्तान? एवढा घोडा झालास रे. मासा मेला, एवढं सांगता येईना तुला?"

काकानं पिशवी टेबलावर ठेवली.

"मासा मेला हे सांगता आलं असतं, बाबा," तो म्हणाला. "पण तुम्हीही मराल, याची मला भीती वाटते."