पुढचं विमान

सकाळी गेलेली बारा 'ऐरावत' दुपारी अकरा होऊन परतली, आणि विमानरचना संस्थेच्या नियंत्रण कक्षात पेढे वाटले गेले. युद्धाच्या सुरुवातीला निम्मी बॉम्बफेकी विमानं परतच येत नसत. त्या मानानं एक म्हणजे किरकोळ, असं सगळ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. स्वरदा नाईकनवरेनं पेढा घेतला आणि तसाच टेबलावर ठेवून दिला. ऐरावतचा मेंदू तिनं रचला होता.

ऐरावत हे नाव कागदावर. वैमानिक त्या विमानाला म्हैस म्हणत. वळायला मंद, लपायला अशक्य, आणि पोटात अख्खं शहर उडवण्याइतके बॉम्ब. या अवजड धुडाला वाचवायची ती स्वरदाची 'पथकबुद्धी'. बाराही विमानांत एकच यांत्रिक मेंदू. शत्रूचा मारा कुठून येतो, वैमानिक तो कसा चुकवतो, हे एका विमानात घडलं की बाकीच्यांना त्याच क्षणी कळे आणि ती आपला मार्ग बदलत.

"सर, दर मोहिमेत पुढचंच विमान पडतंय," तिनं संस्थेचे प्रमुख डॉ. दाबके यांना गाठलं. "पुढं कोणी जायचं हे ठरवतं कोण?"

"तुझी पथकबुद्धीच."

"मी तिला असलं काही शिकवलेलं नाही. पथक वाचव, एवढंच सांगितलंय."

"मग तेच करतेय ती. पथक वाचवायचं तर शिकायला हवं, आणि शिकायचं तर कोणीतरी आधी आगीत शिरायला हवं. ज्याच्याकडून जास्त शिकायला मिळेल, त्याला ती पुढं काढते."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या मोहिमेपासून." दाबक्यांनी शांतपणे दुसरा पेढा उचलला. "अकरा विमानं घरी येतात, स्वरदा. त्याकडे बघ."

संस्थेत दाबक्यांनीच पाडलेली एक पद्धत होती. रचनाकाराच्या घरचं कोणी हवाई दलात असेल, तर त्याची नेमणूक त्या रचनाकाराच्याच विमानावर करून घ्यायची. म्हणजे रचनाकार कामात हयगय करत नाही. स्वरदाचा धाकटा भाऊ ओजस म्हणूनच ऐरावतवर होता, आणि तिनंच मोठ्या ऐटीत त्या नेमणुकीला होकार दिला होता. आजवर पुढं गेलेले सगळे वैमानिक एकापेक्षा एक तरबेज होते. आता तरबेज म्हणावा असा ओजसच उरला होता.

दुसऱ्या दिवशी ती तळावर गेली. विमानाच्या पंखाखाली उभं राहून तिनं त्याला सगळं सांगितलं.

"सरावात वाकडंतिकडं उडव," ती म्हणाली. "उशिरा वळ, उगाच बिचक. तुझ्याकडून शिकण्यासारखं काही नाही, असं वाटू दे पथकबुद्धीला."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना एक शब्द बोलायचा नाही. माझी शपथ आहे."

"ताई, अगं रोज एका टेबलावर जेवतो आम्ही!"

"शपथ आहे म्हटलं ना, ओज्या."

ओजसनं शपथ पाळली. तो इतका गचाळ उडू लागला की पथकप्रमुखांनी त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. आणि पुढच्या मोहिमेचा हुकूम आला, त्यात पुढचं विमान ओजसचं होतं.

स्वरदा दाबक्यांच्या खोलीत न विचारताच घुसली. "तो तर भिकार उडतोय! त्याच्याकडून काय शिकणार ती?"

"तरबेज होते म्हणून ते पुढं गेले नाहीत," दाबके म्हणाले. "प्रत्येकाच्या उडण्यात यंत्राला न उमगलेलं काहीतरी होतं, म्हणून गेले. ज्याचा अंदाज आधीच येतो, त्याच्याकडून शिकायचं काय? ओजस तिला पुरता पाठ झाला होता. त्याची पाळी शेवटी आली असती. तू त्याला अनोळखी करून टाकलंस."

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम अर्धंच सांगितलंत..."

"घाबरलेला माणूस म्हैस कशी चालवतो, हे यंत्राला ठाऊक नव्हतं. या पोरांना घाबरायचं माहीतच नाही. तू घरी सांगशील याची मला खात्री होती. आणि फक्त घरीच सांगशील, याचीही. सगळ्यांना सांगितलं असतंस तर सगळेच बिचकले असते. मग तो एकटा उठून दिसला नसता."

स्वरदाला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. ज्यांना गुरू मानलं, त्यांनी तिची माया एखाद्या सुट्या भागासारखी यंत्रात बसवली होती. त्याहून वाईट म्हणजे, त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच सापडत नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"ताई, कळलं ना?" ओजसच्या मागे टाळ्या आणि शिट्ट्या ऐकू येत होत्या. "इथं पुढं जाणं म्हणजे मोठा मान समजतात. झेंडूचा हार आणलाय यांनी. मी यांना फसवलं, आणि हे मला हार घालतायत."

"ओज्या, ऐक. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग. सगळे बिचकले की यंत्र गोंधळेल, हुकूम बदलेल."

"आणि मग कोणाचं नाव येईल?"

"ते मला सांगता येणार नाही. तुझं येणार नाही, एवढं बघते मी."



"तू तेवढंच बघतेस, ताई," तो म्हणाला, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून "आलो रे!" असं हसून ओरडत त्यानं फोन बंद केला.