मोठ्या अक्षरांतले मिस्टर बर्केट

"मिस्टर बर्केट ओरडताहेत," हेटी म्हणाली.

विल्फने खुर्चीतून मान लांब केली. खोलीत कुणाचाच आवाज नव्हता. सोमवार होता, सकाळचे नऊ वाजले होते आणि ऑक्टोबरच्या सुट्टीचा पहिला दिवस होता. शहाणी मुलं अजून पांघरुणात होती. ही दोघं भावंडं मात्र गावच्या सभागृहामागच्या खोलीत, रेडिओ क्लबच्या संगणकासमोर बसली होती. पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं.

सुप्रभात सर्वांना. इथे सर्व ठीक. हवा छान. बर्केट.

मजकुरात वावगं काहीच नव्हतं. पण इंग्रजीतला तो सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत होता, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"त्याने काय बिघडलं?" विल्फने विचारलं. तो नऊ वर्षांचा होता आणि त्याला अजून नाश्ता मिळाला नव्हता.

"बिघडलं काय? अरे, ते मिस्टर बर्केट आहेत."

गेल्या वर्षी बर्फाने फोनच्या तारा तोडल्या आणि दरीच्या वरच्या टोकाची पाच घरं चार दिवस जगापासून तुटली. मोबाईल तिथे एरवीही लागत नाही, आणि मिस्टर बर्केटनी तर तुटलेला फोन पुन्हा जोडून घेतलाच नव्हता. तेव्हापासून क्लबने रोज नऊची हजेरी सुरू केली होती. पाची घरांतली माणसं आपापल्या संगणकावर एक ओळ लिहीत. संगणक त्या अक्षरांची शीळ करी, रेडिओ ती शीळ टेकडीपलीकडे धाडी आणि इथला संगणक शिळेची पुन्हा अक्षरं करी. या गप्पांना तोंड लागत नसे, दहा बोटं पुरत. मिस्टर बर्केटना दोनच पुरत.

हेटीला रेडिओ शिकवला तो त्यांनीच. बाराव्या वर्षी परीक्षा देऊन तिने परवाना मिळवला तोही त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून. त्यांचा पहिला धडा होता तो अक्षरांचा. या पद्धतीत लहान अक्षरं झटकन जातात आणि मोठी अक्षरं उगाच वेळ खातात. मोठ्या अक्षरांत लिहिणारा माणूस एक तर नवशिका असतो, नाही तर चिडलेला, असं ते म्हणत. चाळीस वर्षं कळफलक बडवून त्यांनी एक मोठं अक्षर हवेत सोडलं नव्हतं. ते देवाचं नावसुद्धा लहान अक्षरांत लिहीत आणि देवाने कधी तक्रार केली नाही, असंही सांगत.

क्लबचे सचिव मिस्टर डॉबसन पाठीमागून आले, पडद्यावर नजर टाकली, हातातल्या कागदावर बर्केटच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि निघाले. हेटीने त्यांना अडवून विचारलं.

डॉबसन खूश झाले. रविवारी त्यांनीच म्हाताऱ्याला एक बटण करून दिलं होतं म्हणे. एवढा मजकूर दोन बोटांनी लिहायला बर्केटना पाच मिनिटं लागायची, वर कोंबड्यांची हकीकत वेगळी, आणि तोवर सगळी हजेरी खोळंबायची. आता अर्ध्या मिनिटात काम होत होतं. शनिवारी क्लबचं प्रदर्शन होतं आणि डॉबसनना शंभर कामं होती. 'दरीला जोडून ठेवतो आम्ही' असं लिहिलेला लांबलचक फलक त्यांच्या काखेतून जमिनीवर लोळत होता.

 हेटीला त्या कोंबड्यांची हकीकत आवडायची.

मंगळवारी धो धो पाऊस पडत होता आणि मिस्टर बर्केट मोठ्या अक्षरांत सांगत होते की हवा छान आहे. हेटीने क्लबच्या कळफलकावरून त्यांना विचारलं, कुठली हवा छान, तुमच्या खिडकीबाहेरची की टीव्हीतली? उत्तर आलं नाही. डॉबसन म्हणाले, गेले असतील कोंबड्यांना दाणे टाकायला. खूण केली आणि तंबूचे खांब मोजायला निघून गेले.

बुधवारी धुकं उतरलं. त्या दिवशी जॉस टायसनही आला होता. तो तेरा वर्षांचा, मेंढपाळाच्या घरचा, हेटीच्या वर्गातला. रेडिओतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण घरी राहिला असता तर वडिलांनी गोठा धुवायला लावला असता.

नऊ वाजले. अक्षरं आली ती दात पडल्यासारखी. सुप्र. मग दोन-चार भलतीच अक्षरं. मग सर्वांना. मग पुन्हा कचरा.

"आज हवेचं काही खरं नाही," डॉबसन म्हणाले आणि खूण केली. "शेवटी बर्केट आलं ना? झालं तर."

"त्या पट्ट्याला भोकं का पडलीत?" जॉसने विचारलं.

पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात धबधबा होता. क्लबातले सगळे त्याला धबधबाच म्हणत. काळ्यानिळ्या पार्श्वभूमीवर उजळ पिवळे पट्टे हळूहळू खाली सरकत राहत. एक पट्टा म्हणजे बोलणारा एक माणूस. मिस्टर बर्केटचा पट्टा जाडजूड होता, पण मध्येमध्ये तुटलेला.

हेटी सवयीने सांगायला लागली की सिग्नल कमीजास्त होतो, तेव्हा असं दिसतं. बोलता बोलता ती थांबली. कमीजास्त होतो तो लांबचा सिग्नल. पोलंडचा होतो, पोर्तुगालचा होतो. मिस्टर बर्केट राहतात दोन मैलांवर. त्यांचा पट्टा वादळातसुद्धा कधी हलला नव्हता.

"विल्फ, ती भोकं काढून घे. लवकर. खाली सरकून जातील."

विल्फला चित्र काढायला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. त्याने डॉबसनच्या हातातला हजेरीचा कागद ओढला, उलटा केला आणि पेन्सिलीने भोकं उतरवली. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. पट्टा पडद्याच्या तळाशी जाऊन नाहीसा झाला.

हेटीने कागद ओढून घेतला. ती तारखात्याची मोर्स लिपी होती. हे वाचायला परवाना लागत नाही. जॉसलासुद्धा वाचता आलं.

"एसओएस," तो म्हणाला. "म्हणजे वाचवा."

डॉबसन हसले. "अगं, त्यांनी स्वतः लिहिलंय, इथे सर्व ठीक. आता शब्दांवर विश्वास ठेवायचा की भोकांवर?"

हेटीने जरा विचार केला. "ते बटण दाबायला बोट तर लागत असेल ना?"

डॉबसन चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

"लागत नाही," ते म्हणाले. "मी घड्याळ लावून दिलंय. रोज नऊला आपोआप जातं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास."

 तीन दिवसांच्या तीन खुणा विल्फच्या हातातल्या कागदावर होत्या आणि तिन्ही घड्याळाच्या होत्या.

तरी डॉबसन लगेच धावले, असं समजू नका. त्यांचं म्हणणं, तार सैल झाली असेल. जेवण झालं की ते स्वतः गाडी घेऊन जातील. आता तंबूवाला येणार होता. आणि धुक्यात कुणी आगाऊपणा करून वर जायचं नाही, समजलं?

जॉस म्हणाला, समजलं, पण आमच्या मेंढ्या वरच्या कुरणात आहेत आणि त्यांना बघायला मला जावंच लागतं. हे खरं होतं. मेंढ्यांना बघायची गरज होती की नाही, हे मेंढ्यांनाच विचारायला हवं होतं.

हेटीने आईला मात्र सगळं खरं सांगितलं. आईने विल्फच्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मग आल्याचा केक फडक्यात बांधून दिला, हातात बॅटरी दिली आणि बजावलं की दगडी कुंपणाचा हात सोडायचा नाही आणि जॉस म्हणेल तसंच करायचं. विल्फला हेटीने क्लबात परत बसवलं. त्याने तोंड वाकडं केलं. तेव्हा तिने सांगितलं की पडद्यावर काही आलं तर तिथे ते वाचणारं एक तरी माणूस हवं.

वर जाताना दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. डावीकडे ओढ्याचा आवाज, उजवीकडे कुंपण. एका जागी पायवाट सरळ गेलीय असं हेटी शपथेवर सांगत होती, पण जॉसने तिची बाही धरून तिला उजवीकडे ओढलं. सरळ दलदल होती. मागच्या वर्षी त्यांची एक मेंढी तिथे गेली ती गेलीच, असं तो म्हणाला. त्यानंतर हेटीने शपथा घेतल्या नाहीत.

पावणेअकराला घर आलं. कोंबड्या दाराशी जमून कलकलत होत्या. त्यांना कुणी दाणे टाकले नव्हते. हेटीला रडू फुटायच्या बेतात होतं, पण ती आत गेली.

रेडिओच्या खोलीतली लोखंडी मांडणी आडवी झाली होती. जुने रेडिओ, डबे, पुस्तकं यांचा ढीग झाला होता आणि ढिगाखाली, कमरेपासून वर तेवढे दिसत, मिस्टर बर्केट पडले होते. ओठ निळसर पडले होते. हातात अँटेनाची जाड तार होती, रेडिओतून उपटलेली.

"पावणेदोन तास लावलेत," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

"मिस्टर बर्केट, तुम्ही—"

"लहान अक्षरांत बोल, बाई. डोकं दुखतंय."

काल संध्याकाळी ते डॉबसनचं घड्याळ बंद करायला गेले होते. त्याचा प्लग मांडणीच्या मागे. तिथे हात घालायला ते मांडणीला लटकले आणि मांडणी त्यांच्यावर आली. पाय मोडल्याचं त्यांना लगेच कळलं. रात्रभर हाका मारल्या त्या कोंबड्यांनी ऐकल्या. सकाळी नऊ वाजता रेडिओ आपणहून बोलायला लागला, सर्व ठीक, सर्व ठीक, तेव्हा त्यांनी हाताशी आलेली तार खेचली, लावली, पुन्हा खेचली. अशाने रेडिओ जळू शकतो. जळला असता तरी चाललं असतं, असं ते म्हणाले.

जॉसने कोंबड्यांच्या कुंपणाचा एक दांडा आणून मांडणीखाली टेकू दिला, म्हणजे ती आणखी खाली येणार नाही. त्याहून जास्त करायचं नाही, हे त्याला मोडक्या पायांच्या मेंढ्यांमुळे ठाऊक होतं. त्याने घरातली सगळी पांघरुणं म्हाताऱ्यावर घातली. हेटीने तार पुन्हा लावली, कळफलकासमोर बसली आणि सगळं लहान अक्षरांत लिहिलं. मिस्टर बर्केट मांडणीखाली अडकलेत, पाय मोडलाय, डोंगरी बचाव पथक पाठवा. हेटी.

काही क्षणांत उत्तर आलं. मोठ्या अक्षरांत.

संदेश मिळाला. सर्व ठीक. आभार. डॉबसन.

हेटी त्या ओळीकडे बघतच राहिली. डॉबसननी स्वतःसाठीही एक बटण केलं होतं. बर्केट हे नाव पाहिलं, बटण दाबलं, वाचलं काहीच नाही. विल्फ नेमका तेवढ्यात खायला काही शोधायला उठला असणार. आता काहीही लिहिलं तरी त्याची एक खूण होणार होती.

मग तिने डॉबसनना लिहायचंच सोडून दिलं. तिने लिहिलं: विल्फ, सभागृहात जा आणि आधीची ओळ वाच. जितक्या मोठ्याने येईल तितक्या मोठ्याने.

विल्फचा आवाज शाळेत प्रसिद्ध होता. सभागृहात त्या वेळी तंबूवाला होता, पाद्रीबाई होत्या, चहाच्या टेबलावर सहा बायका होत्या. पुढे कित्येक दिवस त्यातला प्रत्येकजण सांगत होता की आपणच आधी फोनकडे धावलो.

इकडे पडदा रिकामा होता. मिस्टर बर्केटनी डोळे मिटले होते. हेटी खाली त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात धरला. ते झोपू नयेत म्हणून तिने विचारलं, सोमवारी आणि मंगळवारी, पाय धड असताना, तुम्ही एक ओळसुद्धा का लिहिली नाही?

"रुसलो होतो," ते म्हणाले. "बघत होतो, कुणाच्या लक्षात येतं का. मी बोलायचं थांबलो, तरी खुणा होतच होत्या."

"माझ्या आलं होतं," हेटी म्हणाली. तिला एकदम रडू फुटलं आणि तिने ते थांबवलं नाही.

"पडद्यावर काहीतरी येतंय," जॉस म्हणाला.

अक्षरं येत होती. एकेक, अडखळत. एक चुकलं, पुसलं गेलं, पुन्हा आलं. लहान अक्षरांत. पथक निघालंय. अर्धा तास. हेटी, माझं चुकलं. डॉबसन. स्पेलिंग तीन ठिकाणी चुकलं होतं. इतका जिवंत मजकूर त्या पडद्यावर तीन दिवसांत आला नव्हता.

पथक पंचवीस मिनिटांत आलं. पथकप्रमुख बाईंनी जॉसचा टेकू पाहिला, आणखी चार तास उशीर झाला असता तर थंडीनेच माणूस गेला असता, असं सांगितलं आणि दोघांना विचारलं की मोठेपणी आमच्याकडे याल का. जॉस म्हणाला, मेंढ्यांना विचारून सांगतो.

शनिवारी प्रदर्शन झालं. डॉबसननी स्वतः मंचावर उभं राहून सगळी हकीकत सांगितली, स्वतःची बटणंसुद्धा वगळली नाहीत. याला धैर्य लागतं, हे मान्य करायला हवं. विल्फचा भोकांचा कागद काचेत बसवून भिंतीवर लावला होता, आणि काचेमागून उलट्या बाजूच्या तीन खुणा पुसट दिसत होत्या. 'दरीला जोडून ठेवतो आम्ही' हा फलक त्यांनी गुंडाळून कपाटामागे टाकला. पाद्रीबाईंनी टाळ्या सुरू केल्या. विल्फला केकचे चार तुकडे मिळाले, त्यातले दोन त्याने मागून घेतले.

हजेरीचा नियमही बदलला. आता रोज प्रत्येकाने घड्याळाला ठाऊक नसेल अशी एक गोष्ट हाताने लिहायची. हजेरी चांगली अर्धा तास चालू लागली.

मिस्टर बर्केट डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी घरी आले. नऊ वाजता हेटी पडद्यासमोर होती, डॉबसन पेन्सिल घेऊन मागे. जाड पिवळा पट्टा न तुटता खाली उतरू लागला. लापशीत मीठ जास्त झालं. पायाला खाज सुटलीय. तांबडी कोंबडी माझ्याशी बोलत नाही. सगळं लहान अक्षरांत, दोन बोटांच्या चालीने.

डॉबसन खूण करायला वाकले.

"थांबा," हेटी म्हणाली, "अजून येतंय."

आणखी दोन शब्द आले, सावकाश. सुप्रभात, असं त्यांनी लहान अक्षरांतच लिहिलं होतं. त्याच्या पुढचं 'हेटी' हे नाव मात्र सगळंच्या सगळं मोठ्या अक्षरांत होतं.