मागच्या सीटवरचा गनर

बेळगावच्या शहापुरात, भरमूच्या फ्रेमच्या दुकानात मी पणजोबांचा फोटो काचेच्या टेबलावर ठेवला, तेवढ्यात माझ्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं, "गनर हायत हे."

मी वळून बघितलं. लग्नाचा भलामोठा फोटो छातीशी धरून एक तरुण उभा होता. फोटोतली नवरी माझ्याकडं बघून हसत होती, आणि तो मात्र माझ्या पणजोबांवर नजर लावून होता.

"माफ करा... आगाऊपणा झाला," तो गडबडला. "पण हा छातीवरचा बिल्ला बघा. पायलटला दोन पंख असतात. ह्यांना एकच हाय, आणि शेजारी 'ए जी'. एअर गनर. बॉम्ब टाकायच्या विमानात मागच्या सीटवर, मागं तोंड करून बसायचं आणि पाठलाग करणाऱ्यांवर बंदूक चालवायची."

"तुम्हाला कसं माहीत?" मी वकील आहे. साधा प्रश्नसुद्धा माझ्या तोंडून उलटतपासणीसारखा निघतो.

"आमच्या घरात असा एक ग्रुप फोटो हाय. माझे पणजोबा, मारुतीराव, बर्माच्या लढाईत विमानावर बॉम्ब चढवायचे..." तो थांबला. जरा वाकून पुन्हा त्यानं फोटो बघितला. "ह्यांचं नाव काय म्हणालात?"

"म्हणाले नाही अजून. भीमाप्पा."

"बोरगावकडचे?"

माझा हात तसाच काचेवर राहिला. मागच्या गल्लीत कुणाच्या तरी हातमागाची खटखट चालू होती, तेवढीच ऐकू येत होती.

"हे नाव आजीच्या तोंडात असतंय," तो हलकेच म्हणाला. "बोरगावकडचा भीमा. मला वाटलं न्हवतं त्याचं कुणी... असं समोर भेटेल."

मी माझं नाव सांगितलं, पारमिता, आणि मुद्दाम आडनावासकट सांगितलं. आमच्याकडं आडनाव सांगितलं की बाकीचं सांगावं लागत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय हलतं ते बघायची मला लहानपणापासून सवय आहे. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो म्हणाला, "मी रविराज. उद्यमबागेत एका फौंड्रीत इंजिनिअर हाय." मग हातातल्या फोटोकडं बोट दाखवून, गरजेपेक्षा थोडं मोठ्यानं, "आणि ही माझी बहीण. रचना. तिचं लग्न झालं परवा."

"मी विचारलं नव्हतं," मी म्हणाले.

"व्हय... पण सांगून ठेवलं."

भरमू फ्रेमची पट्टी कापता कापता गालात हसला.

---

आमचं गाव बोरगावच्या पुढं, नदीच्या अंगाला. पणजोबा भीमाप्पा बेळगावात बोर्डिंगात राहून शिकले. आमच्या वस्तीतला इंग्रजी वाचणारा पहिला माणूस. लढाई सुरू झाली तशी ते विमानदळात गेले. एकदा रजेवर आले, आणि ते परत गेल्यावर काही महिन्यांनी माझ्या आजोबांचा, आप्पांचा जन्म झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तार आली. तारेत एकच शब्द कळण्यासारखा होता. बेपत्ता.

गावानं त्या शब्दाचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. भीमा पळाला. बर्मात दुसरी बायको केली. पणजी तानीबाई निपाणीला तंबाखूच्या वखारीत चाळणी मारायला जायची. तिथंही बायका विचारायच्या, "काय गं, आला का तुझा साहेब?" ती मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. लोक हसायचे. ती म्हणायची, "गेला म्हणून मला कुणी येऊन सांगितलंय का? मग मी कशी पुसू?"

आणि आप्पा, परशराम मास्तर, ज्यांनी तालुक्यातल्या दोन पिढ्यांना पाढे शिकवले, ते शाळेत असताना 'पळपुट्याचं पोर' होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य होतं, "पारू, माझा बाप पळाला का मेला, तेवढं बघ गं."

म्हणून तो फोटो मी पेटीतून बाहेर काढला, म्हणून ते दुकान.

---

रविराजनं मला घरातल्या ग्रुप फोटोचा फोटो पाठवला. नारळीच्या झाडांखाली वीसेक माणसं. त्यात एका टोकाला मारुतीराव, आणि त्यांच्या खांद्यावर कोपर टेकवून, टोपी तिरकी करून, भीमाप्पा. मी त्यांना असं हसताना कधीच बघितलं नव्हतं. आमच्या फोटोत ते ताठ उभे आहेत.

मग आम्ही दोघांनी मिळून दिल्लीला अर्ज केला, स्मरणपत्रं पाठवली. भेटायला दर वेळी काहीतरी कारण लागायचं, आणि दर वेळी ते सापडायचं. कोर्टाच्या मागच्या कँटीनमध्ये तो फौंड्रीतून तसाच यायचा, शर्टाला तेलाचा वास, आणि माझ्या काळ्या कोटाकडं बघून म्हणायचा, "आज किती जणांना आत घातलं?"

"मी लोकांना बाहेर काढते."

"मग मला पण काढा की."

"तुम्ही कशात अडकलाय?"

तो चहाच्या कपात बघत बसायचा. "ते... सांगतो कधीतरी."

थंडी वाढली. किल्ल्याच्या तळ्याकाठी सकाळचं धुकं उशिरापर्यंत रेंगाळायला लागलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मला आठवत नाही, पण पहिल्यांदा 'तू' म्हटल्यावर त्याचे कान लाल झाले होते, ते आठवतं.

दिल्लीहून उत्तर आलं. चव्वेचाळीस सालच्या सुरुवातीला बर्मातल्या अराकानच्या किनाऱ्याकडं गेलेलं विमान परत आलं नाही. पायलट आणि गनर दोघंही बेपत्ता, मृत मानलेले. सिंगापूरच्या स्मारकावर नाव आहे. मी धावत गावी गेले. आप्पांनी ते कागद दोनदा वाचून घेतले, चष्मा काढला.

"बेपत्ता तर तवाच कळलं होतं, बाळ. मृत मानलेले. मानलेले... बघितलं कुणी?"

मी रविराजला हे सांगितलं तेव्हा त्यानं तो ग्रुप फोटो पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाला, "आजीकडं जाऊया. ती मारुतीआजोबांची सून. म्हातारपणी तिनंच त्यांचं सगळं केलं. ती तुकड्यातुकड्यानं सांगत असते, पूर्ण कधी सांगितलं न्हाई. तू विचार. तुला विचारता येतंय."

---

खानापूरच्या अलीकडं त्यांचं गाव. अंबुबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. रविराजनं माझी ओळख करून दिली. "आजी, ही भीमाप्पांची पणती."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, आणि विचारायच्या आधीच बोलायला लागल्या. बहुतेक कित्येक वर्षं कुणी विचारायची वाट बघत असाव्यात.

"मामंजी सांगायचे. तिकडं मराठी बोलणारी ही दोघंच. एका ताटात जेवायची. त्या दिवशी विमानं गेली, एक कमी आलं. शेजारच्या विमानातल्या पोरांनी डोळ्यांनी बघितलेलं. ह्यांच्या विमानाला आग लागली, पण मागची बंदूक काय थांबली न्हाई. पाण्यात पडेपर्यंत चालू होती. पॅराशूटची छत्री उघडलीच न्हाई कुणाची." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "पळाला न्हाई गं पोरी तो. पळायला जागाच न्हवती, आणि असती तरी तो पळाला नसता."

मी त्यांचा हात धरला. "मग हे आमच्याकडं कुणी सांगितलं कसं नाही?"

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. पण मान खाली घातली.

"मामंजी आलते तुमच्या गावाला. लढाई संपल्यावर. सांगायलाच आलते. चावडीवर बसले. तिथल्या लोकांनी पाणी दिलं, चहा दिला. म्हणाले, तुम्ही कशाला त्या वस्तीत जाताय, आम्ही सांगतो की. आणि मामंजी..." त्यांचा आवाज तुटला. "मामंजी परत आले. तिकडं एका ताटात जेवलेला माणूस, इथं त्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला न्हाई. मरताना मला म्हणाले, अंबू, चार पावलं चाललो न्हाई मी."

अंगणात एक कोंबडी शेंगांची फोलं उकरत होती. मी रविराजकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही हे माहीत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण दिसूनही माझ्या आतलं काहीतरी थंड होत गेलं.

मी उठले. त्यानं मला बसस्टँडवर सोडलं. उतरताना मी म्हणाले, "चावडीवरून हाक मारली तर आमच्या घरात ऐकू येते, रविराज. माझी पणजी वखारीत बायकांची बोलणी खात राहिली. आणि तुझे पणजोबा चहा पिऊन परत गेले."

"पारमिता—"

"तुझी चूक नाही. माहितीये मला. पण आत्ता मला तुझ्याशी बोलता येणार नाही."

---

मी त्याचे फोन घेतले नाहीत. आप्पांनाही काही सांगितलं नाही. चांगली बातमी आणि वाईट बातमी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. एक सांगायची तर दुसरी सांगावीच लागणार होती. वडिलांची अब्रू परत देताना आईचं उभं आयुष्य कसं वाया गेलं ते त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या रविवारी मी गावी होते. भोवती गुऱ्हाळं चालू होती, सगळ्या हवेला उकळत्या रसाचा वास. फोन वाजला. का कोण जाणे, मी उचलला.

"मी तुमच्या गावात हाय," रविराज म्हणाला. "चावडीपाशी. आजी हाय बरोबर. तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचंय." तो थांबला. "तू म्हणालीस तर येतो. न्हाईतर इथनंच परत जातो, आणि पुन्हा फोन करणार न्हाई. पण पुढची वाट कुणाला विचारणार न्हाई मी, पारमिता. तूच सांग."

मी चपला न घालताच बाहेर पडले.

चावडीच्या पारावर बसलेली माणसं बघत होती. अंबुबाई काठी टेकत माझ्याकडं आल्या. रविराज त्यांच्या मागं. मी त्याच्याशी बोलले नाही, फक्त म्हणाले, "या." आणि आम्ही तिघं त्या सगळ्यांच्या समोरून वस्तीत आलो.

आप्पा खाटेवर बसले होते. अंबुबाईंनी बसायच्या आधीच, उभ्यानंच, सगळं सांगितलं. आग, बंदूक, पाणी. मग चावडी आणि चहासुद्धा. काही लपवलं नाही. शेवटी हात जोडले. "मास्तर, हे तुमच्या आईला सांगायचं होतं. आमच्या माणसानं सांगितलं न्हाई."

मी पुढं झाले, पण आप्पांनी मला थांबवलं. मग त्यांनी जे विचारलं ते मला कधीच सुचलं नसतं.

"मी झालेलो... ते त्याला कळलं होतं का?"

"कळलं होतं की!" अंबुबाई एकदम म्हणाल्या. "कागद मिळाला तसा नाचलाय म्हणं! तिथं पेढे कुठले? कुठनं तरी गुळाची ढेप पैदा केली आणि गोऱ्या साहेबापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना वाटली. मामंजी गूळ खाल्ला की दर वेळी सांगायचे, हा भीमाच्या पोराचा गूळ."

आप्पा रडायला लागले. ऐंशी ओलांडलेला माणूस, लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. अंबुबाई खाटेच्या कडेला टेकल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळानं आप्पांनी चेहरा पुसला. "आक्का, तुमच्या सासऱ्यांचं चुकलं," ते म्हणाले. "लई चुकलं. ते मी माफ करणारा कोण? माफ करायची ती माझी आई, ती गेली. पण तुम्ही आलासा. आता जेवूनच जायचं."

---

संध्याकाळी वस्तीतल्या विहारात आप्पांनी वडिलांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. जन्मात पहिल्यांदा. वंदना झाली. दारापाशी चावडीवरचे दोघेतिघे येऊन उभे होते. आप्पांनी त्यांना आत बोलावलं आणि मास्तरांच्या आवाजात, शब्द न शब्द स्पष्ट, सांगितलं, "माझे वडील भीमाप्पा. लढाईत गेले. शेवटपर्यंत बंदूक सोडली नाही." एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

मी बाहेर आले. रविराज कडेच्या तंबाखूच्या रानापाशी उभा होता. रुंद पानांवर ऊन उतरणीला लागलं होतं.

"तू पणजोबांसाठी आलास," मी विचारलं, "का माझ्यासाठी?"

"आलो त्यांच्यासाठी." तो माझ्याकडं वळला. "गाडी चालवताना हात कापत होते, ते तुझ्यासाठी."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरले.

"त्या दिवशी कँटीनमध्ये विचारलं होतंस, कशात अडकलाय," तो म्हणाला. "ते तेव्हा सांगता आलं न्हाई. आता सांगतो. मला तू आवडतेस, पारमिता. लई. पण नुसतं आवडतेस म्हणून भागणार न्हाई, ते मला कळतंय. काल बाबांना सांगितलं."

"काय म्हणाले?"

"जेवण टाकून उठले." तो जमिनीकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. "आई रडली. आजी म्हणाली, रडून घे, पण पोरगं जाणार. सोपं न्हाई व्हायचं हे. कदाचित वर्ष जाईल. कदाचित बाबा येणारच न्हाईत. पण मी परवानगी मागितली न्हाई, पारमिता. मी नुसतं सांगितलं, की तुला विचारायला चाललोय."

आतून आप्पांचा आवाज येत होता. अंबुबाईंना ते पुन्हा पुन्हा तेच विचारत होते — आणखी काय सांगायचे हो मारुतीराव? हसायचा कसा तो? गायचा का?

"मग विचार की," मी म्हणाले.

त्यानं विचारलं. अगदी साध्या शब्दांत, मध्येच अडखळून, आणि एक वाक्य चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग त्याचा हात हातात घेतला, आणि कोर्टातली, कॉलेजातली, बेळगावातली सगळी भाषा बाजूला ठेवून आमच्या घरच्या बोलीत म्हणाले,

"व्हय."