कबऱ्या मागे वळून बघतो

पटत असेल तर वाचा, नाहीतर सोडून द्या. मला कोणाला पटवायची हौस नाही. माझा बाप गेलाय यात.

कुरखेड्याजवळचं आमचं गाव. गेल्या वर्षीची गोष्ट.

आमच्या घरचा धंदा फरार माणसं शोधायचा. ज्याच्यावर बक्षीस लागलं, त्याचा माग माझे बाबा देवराव काढायचे. गाडी माझा भाऊ राजदीप चालवायचा. आणि माझं काम... कुत्र्याचं.

हसू नका. लपलेला माणूस बायकोलाही ठिकाणा सांगत नाही. पण त्याच्या कुत्र्याला तो बरोबर सापडतो. मी बांगड्या विकायच्या बहाण्याने त्या घरी जायची, कुत्र्याला भात चारून लळा लावायची, आणि घेऊन यायची. दोन दिवस उपाशी बांधायचं. मग सोडायचं, आपण मागे.

बक्षीस लागलेल्या इसरूचा कबऱ्या असाच आणला. अर्ध्या कानाचा, गुणी जनावर. माझ्या हातूनच खायचा.

भर पावसाळ्यात त्याने आम्हाला थेट इसरूच्या झोपडीवर नेलं. शेपटी हलवत. आम्ही येतोय ना, ते मागे वळून बघत.

इसरूने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुत्र्यालाच जाब विचारला, "काऊन आनलं रे तूनं यायले?"

आणि पळाला. नाल्याला पूर होता. त्याने उडी घेतली. मागोमाग कबऱ्याने.

इसरूचं प्रेत सापडलं. कबऱ्या नाही.

धानकापणीच्या दिवसांत बाबा ओसरीत जेवत होते. सांजवेळ. गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली...

अंगणात कबऱ्या उभा होता.

ओलाचिंब. खाली कोरडी धूळ, पण पाऊल एकही उमटलं नव्हतं.

तो रिकाम्या रस्त्याकडे बघून शेपटी हलवत होता...

कोणाला तरी घर दाखवत होता.

बाबा भूतबित मानणारे नव्हते. पण रोज सांजेला तेच. रोज शेपटी जास्त जोरात हलायची. आठवड्यात बाबा अर्धे झाले. शेवटी राजदीपने त्यांना आलापल्लीला एका रिकाम्या खोलीत नेऊन ठेवलं.

"कोनाले सांगू नोको," जाताना बाबा मला म्हणाले. "तू एकटीच येजो. तुह्यावरच भरोसा हाय मले."

मी गेले. एसटीतून उतरल्यापासून किती वेळा मागे पाहिलं असेल! रस्ता रिकामा होता. आईची शप्पथ, रिकामाच होता.

बाबांनी दार उघडलं. चेहरा कसा उजळला त्यांचा. "आली काय वं माय..."

मग ते माझ्या मागे बघायला लागले.

मी वळले. काहीच नव्हतं. फक्त ओल्या केसांचा वास... आणि माझ्या हाताला थंडगार नाक लागलं.

"काऊन आनलं वं तूनं त्याले?"

दार लागलं. आतून कडी. मी दार बडवलं, रडले. "बाबा, मी नाई आनलं! मायी गोष्ट तं आयका!"

लोकांनी दार तोडलं तेव्हा बाबा भिंतीला टेकून बसलेले होते. गेलेले. खोली कोरडी ठणठणीत, आणि त्यांच्या नाकातोंडात गढूळ पाणी.

राजदीप माझ्याशी बोलत नाही. त्यालाही वाटतं, मीच आणलं. माझ्यावर भरोसा होता ना बाबा तुमचा? मग एकदा ऐकून घ्यायचं तरी. इसरूनेही कुत्र्याला विचारलं, पण उत्तर ऐकायला थांबला नाही.

आता मी कोणाच्या घरी जात नाही. तुम्हीही बोलावू नका.

कारण सांजेला हात खाली सोडून बसले, की ते थंड नाक अजून लागतं...