टपावरचा हात

धुक्यात कुणी आपल्याकडे बघून हसलं, तर लगेच हसू नये. आधी मागं वळून बघावं, ते हसू नक्की आपल्यासाठीच आहे ना!

मी मात्र हसले. गाढवासारखी.

पुलगावच्या पेट्रोल पंपावर माझ्यापुढं ट्रॅक्टर लागले होते. डिसेंबरची सकाळ, काचेवर दव, आणि मी खिडकी उघडून ट्रॅक्टरवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होते. इतक्यात धुक्यातून एक माणूस थेट माझ्या गाडीकडे आला. रोजचा असल्यासारखा आला. टपावर हात टेकला, खिडकीशी वाकला आणि असा काही हसला, की काय सांगू... माझ्याकडे आजवर कुणी तसं बघितलं नव्हतं.

मग त्यानं माझा चेहरा पाहिला. हसू विझलंच.

"सॉरी... मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"काही नाही. गाडी ओळखीची वाटली."

"सेकंडहँड आहे. वर्ध्याहून घेतली. कुणाची होती ते काही मी विचारलं नाई."

तो मागं सरकला. जाता जाता थांबला. "ब्रेक मारला की उजवीकडं ओढते थोडी. जपून चालवा."

तोवर गाडी कधीच ओढली नव्हती. त्या दिवशी बसस्टँडजवळच्या गतिरोधकावर मी ब्रेक दाबला आणि ती उजवीकडं गेली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी खरं सांगते, घरी पोचेपर्यंत मी त्या काट्याचा नाही, त्या हसण्याचाच विचार करत होते.

मी सुरभी. सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. काचेच्या पट्टीवर पेशी घ्यायच्या, त्यांना रंग चढवायचा, असं माझं काम. आठवडाभर तिकडं खोली करून राहते आणि शनिवारी रोहण्याला घरी येते. पांढरी स्विफ्ट घेतली तेव्हाच ठरवलं होतं, हिला बॉडी किट लावायचा. पुढं बंपरखाली लिप, दोन्ही बाजूंना दारांखाली स्कर्ट, मागं स्पॉयलरची पट्टी, आणि वरचा टप चकचकीत काळा. सगळे म्हणाले, गॅरेजला टाक. मी म्हटलं, काऊन? मले हात नाईत?

पहिल्या वेच्याचा कापूस विकल्यामुळं आमचा कापसाचा कोठा रिकामा होता. गाडी तिथं लावली, कॉम्प्रेसर भाड्यानं आणला, किटचं खोकं फोडलं. आणि त्याच रविवारी दारात तो उभा! पंपावरचा. हातात एक किल्ली.

"गाडीची दुसरी किल्ली," तो म्हणाला. "माझ्याकडंच राहिली होती. डीलरकडून तुमचा पत्ता घेतला. मी श्रीनिवास. पुलगावला शाळेत गणित शिकवतो."

"किल्ली द्यायला एवढ्या लांब? पोस्टानं टाकायची ना, सर."

"पोस्टानं टाकली असती तर..." त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. नजर गाडीवर गेली. "हे काय करताय तुम्ही हिला?"

"तिचं तोंड बदलून राह्यली. धरा जरा ही बाजू."

त्यानं धरली. असं ते सुरू झालं.

किट पहिल्याच फटक्यात बसतो, असं व्हिडिओत दाखवतात. साफ खोटं! उजवा स्कर्ट लावून पाहिला, तर मधे बोट जाईल एवढी फट. टेपनं चिकटवायचा, बघायचा, काढायचा, कडा घासायच्या, पुन्हा चिकटवायचा. श्रीनिवास सर ड्रिल मारताना डोळे मिटायचे.

"अवो सर! डोळे उघडा, नाईतर माह्या बोटात भोक पाडसान."

"तुमचं बोट सोडून मी बाकी सगळीकडं पाडीन."

"काऊन? माह्या बोटाले काय सोनं लागलं?"

तो लाजला. गणिताचा मास्तर, आणि कानाच्या पाळ्या लाल! त्याच्या केसांना आवळ्याच्या तेलाचा वास यायचा, आजोबांसारखा. मला हसू यायचं. दर रविवारी यायचा तो. पुट्टी, तिला भेगा पडल्या की किटवाल्याला शिव्या घालत पुन्हा पुट्टी, मग पॉलिश पेपरनं घासणं, मग प्रायमर. अंगभर पांढरी धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या. आई चहा आणायची आणि म्हणायची, "दोन भुतं बसून राह्यली कोठ्यात."

पण एक गोष्ट मला खुपायची. पुलगावच्या लष्करी डेपोच्या बाजूला जुना दारूगोळा निकामी करतात, त्याचा धप्प आवाज कधीमधी आमच्याकडं पोचतो. पत्रे थरथरतात. गाडीचा आरसा हलतो. अशा वेळी आम्ही सगळे आवाजाकडं बघायचो. तो मात्र ड्रायव्हरच्या खिडकीत बघायचा. रिकाम्या खिडकीत... आणि हळूच, कुणाला धीर द्यावा तशी मान हलवायचा.

टप रंगवायचा रविवार उजाडला. अवकाळी पाऊस भुरभुर पडून गेला होता, कोठ्यात गारठा होता. मी टप कोरड्या फडक्यानं पुसला, रंगाची गन हातात घेतली. तो मागं नळी सांभाळत उभा. काळा रंग बसत गेला, ओला, झगझगीत. त्यात छपराचे पत्रे दिसायला लागले.

आणि ड्रायव्हरच्या बाजूला, कडेशी, रंग आपोआप मागं सरकायला लागला.

आधी एक बारीक खळगी. मग दुसरी, तिसरी. पाण्यातून काही वर यावं तशा त्या वर येत गेल्या आणि एकमेकींना मिळाल्या. बघता बघता एक तळवा झाला. मग बोटं. बारीक, लांब, पाचही.

गन माझ्या हातातच राहिली.

"मीरा," तो म्हणाला.

आई चहा घेऊन आलेली, तिनं कपबशी तिथंच खाली ठेवली. "माय वो! हा त बाईमाणसाचा हात हाय!"

आई लिंबू आणायला पळाली आणि तो कोठ्याच्या उंबऱ्यावर बसून सगळं बोलला. मीरा त्याच्याच शाळेत होती. विज्ञान शिकवायची, वर्ध्याहून रोज याच गाडीनं ये-जा करायची. साक्षगंध झालं होतं, तारीख काढली होती. मग ताप आला, आणि लग्नाच्या आधीच ती गेली. घरच्यांनी गाडी विकून टाकली.

"पंपावर..." मी विचारलं, "मी तीच आहे असं वाटलं?"

"क्षणभर."

मला रडू आलं आणि रागही आला. कोणावर रागवायचं, तेच कळेना! एवढे रविवार मी कुणासाठी नवा कुर्ता घालत होते, कुणासाठी धुळीत बसायच्या आधी काजळ लावत होते? आणि हा कुणासाठी येत होता? माझ्यासाठी, की तिच्या गाडीसाठी? बाई जिवंत असती तर भांडले असते. मेलेल्या माणसाशी भांडून कुणी जिंकलंय का?

आईनं लिंबू उतरवलं, रस्त्यापलीकडं फेकलं. पुढच्या शनिवारी मी रंग घासून काढला, रविवारी त्यानं प्रायमर मारून दिला, त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा काळा मारला.

पुन्हा हात वर आला. तिथंच. तेवढाच.

"राहू दे सुरभी," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं मला नुसतं सुरभी म्हटलं, आणि तेही अशा वेळी! "तिला नको असेल."

"अन् तुमाले काय पायजे?"

मी पेपर घेतला आणि त्या हातावर घासत सुटले, माझी बोटं हुळहुळेपर्यंत.

भीती मला सेवाग्रामलाही सोडेना. खोलीत आरशासमोर उभी राहिले की मागं कुणी उभं आहे असं वाटायचं. एक दिवस लॅबमध्ये नव्या मुलीनं काचेची पट्टी बोटांनी धरली आणि वरून रंग ओतला. बोट लागलं होतं तेवढ्या जागेवर रंग चढलाच नाही. मी तिला ओरडले, "किती वेळा सांगायचं, हाताचं तेल लागते म्हणून!" आणि ती पट्टी तिच्या हातून घेऊन उजेडात धरली.

तेल... तेल तर भुताच्या हाताला नसतं.

त्या रविवारी आम्ही टप घासून प्रायमर मारून ठेवला. दिवस कलला, तो हात धुवून, केस सारखे करून निघाला. मी आत जाते म्हणाले आणि कोठ्याच्या दाराआड थांबले.

तो गाडीपाशी गेला. उजवा हात टपावर टेकला. खिडकीशी वाकला. आत कुणी नव्हतं. तो हसला, तसंच हसला, पंपावर हसला होता तसं...

"हळू जा," तो त्या रिकाम्या सीटला म्हणाला. "पोचलीस की फोन कर."

मग तो थांबला. जसं समोरचं माणूस काही बोलतंय आणि तो ऐकतोय. मान डोलावली, टपावर थाप मारली आणि सरळ झाला.

माझी बोबडीच वळली! भूत बघितलं असतं तरी इतकी घाबरले नसते. तरी पुढं गेले. प्रेम माणसाला काय काय करायला लावतं बघा.

"आता काय केलं तुमी?"

"कुठं काय? निघालोय."

"कोणाशी बोलले?"

"कोणाशी नाही." तो खरंच गोंधळला होता. त्याला ठाऊकच नव्हतं!

मी त्याचा हात धरला, पहिल्यांदा. तळव्याला आवळ्याच्या तेलाचा वास होता. प्रायमरवर मावळतीचा उजेड आडवा पडला होता, आणि त्यात तेलाचा ताजा ठसा ओला चमकत होता. मी त्याचा पंजा त्यावर ठेवला. बोटावर बोट बसलं. कडांनी रंग थोडा आत सरकायचा म्हणून ती बोटं बारीक, बाईची दिसायची, एवढंच.

"मले वाटे मीरा येते. आईनं लिंबू उतरवलं तिच्या नावानं," मी म्हणाले. "ती बिचारी कुठंच नाई, सर. या गाडीले झपाटलं ते तुमी."

तो हात उचलेचना. टपाकडं बघत राहिला आणि मग तिथंच, त्या हातावर डोकं टेकून रडला. पुरुषाचं असं रडणं मी बघितलं नव्हतं. मी बाजूला उभी राहिले. आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, म्हणून विचारलं.

"एक सांगा. इतके रविवार गाडीसाठी आले, का माह्यासाठी?"

"गाडीसाठी," तो म्हणाला.

झालं!

"पहिल्या रविवारी गाडीसाठीच आलो. दुसऱ्याही. खोटं नाही बोलणार." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मग तू म्हणालीस, पुट्टी जाड लागली की आठवडा आठवडा वाळत नाही, अन् भेगा पडल्या की पुन्हा लावावी लागते."

"बरं मग?"

"मग मी जाड लावत गेलो."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. "म्हणजे त्या भेगा... अन् मी मेली त्या किटवाल्याले शिव्या देऊन राह्यली होती!"

"तू शिव्या द्यायला लागलीस की मला घरी जावंसं वाटायचं नाही."

आता हसावं की पुट्टीचा डबा डोक्यात घालावा? मी दोन्ही केलं असतं, पण डबा रिकामा होता.

त्या संध्याकाळी त्यानं स्वतःच तो ठसा घासला. मी थिनरचं फडकं दिलं. तो घासत होता आणि मधेमधे थांबून तिच्याबद्दल सांगत होता, ती कशी चिडायची, गाणं कसं बेसूर म्हणायची. मी ऐकलं. मला वाटलं होतं त्रास होईल. तेवढा झाला नाही. मला ती आवडायलाच लागली.

पुढच्या रविवारी काळा रंग बसला आणि बसलेलाच राहिला. वर लॅकर मारला. आम्ही दोघं श्वास रोखून वाट बघत होतो. टप नितळ होता, त्यात पत्रे, वासे आणि आमचे दोन चेहरे. रंग हाताला लागेनासा झाल्यावर आईनं चारी बाजूंनी फिरून पाहिलं, "गेली माय एकदाची" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

"आईंना विचारू?" तो म्हणाला.

"आधी मले विचार."

"विचारलं समज."

"असं नाई होत, मास्तर. सुटं सुटं करून विचार."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तू मला आवडतेस, सुरभी. तुझ्या शिव्यांसकट. माझ्याशी लग्न करशील?"

ओठांवर आलेलं 'हो' मी गिळलं. "थांब. आधी एकीले विचारून येते."

मी ड्रायव्हरचं दार उघडलं. सीटवर मी स्वतः अंथरलेला प्लास्टिकचा कागद होता, त्यावर धूळ. मी तो ओढून काढला. आता वेडी म्हणा नाहीतर काही म्हणा, मी वाकून त्या रिकाम्या जागेला म्हणाले, "मीराताई, हा मले आवडते. तुमी म्हणसान तर नेते. तुमाले विसर, असं मी त्याले कधीच म्हणणार नाई."

काही हललं नाही. डेपोकडूनही आवाज नाही. कापसाचा एक तंतू हवेत तरंगत होता, तोही थांबल्यासारखा.

बसावं म्हणून मी सीटवर हात टेकला.

कोठ्यात अंगावर शाल घ्यावी असा गारठा होता. कॉम्प्रेसर गार पडला होता, गाडी कित्येक दिवसांत सुरू केली नव्हती, ऊन आत येतच नाही. आणि सीट गरम होती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

मी ओरडले नाही. मला घाबरायलाही झालं नाही, फक्त डोळे भरून आले. मी त्या उबेत बसले.

"काय झालं?" तो बाहेरून म्हणाला. "काय म्हणाली?"

"काही नाई," मी म्हटलं. "जागा करून दिली तिनं. हो म्हणते मी. ये, बस माह्या बाजूले."