अकराव्या मिनिटाला बंद पडणारा लॅपटॉप

आमच्या शाळेतला लॅपटॉप दिवसभर निबंध लिहून द्यायचा, तक्ते करून द्यायचा, कधी कुरकुर करायचा नाही. पण त्याच्यावर इंटरनेट उघडलं, की अकराव्या मिनिटाला पडदा काळा. सूचना नाही, आवाज नाही. थोड्या वेळाने पुन्हा सुरू करावा, तर जणू काही झालंच नाही.

हे कोडं मी सोडवलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण त्याआधी मी जे केलं, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, आणि ते सांगताना अजूनही माझे कान तापतात.

मी मैथिली मुळे, इयत्ता सातवी, जालना. साल २०६४. नव्या यंत्रांसाठी जमिनीतून किती धातू उपसायचे, यावर तेव्हा नुकतीच मर्यादा आली होती. त्यामुळे शाळांमध्ये जुनेच लॅपटॉप दुरुस्त करून वापरायचे. आमचा लॅपटॉप माझ्या बाबांच्या वयाचा होता, आणि वर्गात त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्याचा मला तोरा होता, हेही सांगून टाकते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही चंद्रतळावरच्या शाळेशी (चंद्रावर काम करणाऱ्या लोकांच्या मुलांची शाळा, एकूण मुलं नऊ) बोलणार होतो. आमच्या गटात जुई घुले होती. ती जूनमध्ये भोकरदनकडच्या एका खेड्यातून आमच्या शाळेत आली होती. तिने पावसाळाभर शेततळ्याकाठी बसून बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते, आणि चंद्रावरच्या मुलांना ती ते ऐकवणार होती. वर्गात तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. बेडकांमुळे पहिल्यांदाच सगळे तिच्याशी बोलायला लागले होते.

सरावाच्या दिवशी लॅपटॉप अकराव्या मिनिटाला बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. डोंगरे सरांनी विचारलं, "कुणी काही केलंय का याला?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी उठले आणि म्हणाले, "सर, जुईने तिचा पेन ड्राइव्ह लावला होता. त्यातूनच व्हायरस (दुसऱ्याच्या संगणकात गुपचूप शिरून बिघाड करणारा छोटा प्रोग्रॅम) आला असणार. तिचा पेन ड्राइव्ह गावाकडचा आहे, कुठेकुठे लावलेला असतो काय माहीत."

मागच्या बाकावर दोघंतिघं हसले. जुईने पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळला आणि दप्तरात ठेवला.

"मग सध्या जुई गटात नको," सर म्हणाले. "मैथिली, तू लॅपटॉप तपासून आण."

प्रत्येक शाळेत असते तशी आमच्याकडेही दुरुस्तीची खोली होती, आणि तिथे एक रोबो. मुलं त्याला तपासेकाका म्हणायची. दोन हात, कपाळावर एकच डोळा, आणि बोलणं पोस्टातल्या जुन्या कारकुनासारखं. शाळा सुटल्यावर मी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

"काय तक्रार आहे?" तपासेकाकाने विचारलं.

"व्हायरस आलाय. जुई घुलेच्या पेन ड्राइव्हमधून."

"हा निकाल झाला. तक्रार सांग."

मी नाक मुरडून सगळं सांगितलं. निबंध लिहिताना चालतो, इंटरनेटवर अकरा मिनिटांत बंद.

"आपण तीन चाचण्या करू," तो म्हणाला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमटीत मीठ आणि चिंच एकदम घातली, तर चव कशाने बिघडली ते कळत नाही."

पहिल्या चाचणीत त्याने लॅपटॉपची डिस्क (सगळी माहिती आणि प्रोग्रॅम साठवणारा भाग) काढून बाजूला ठेवली आणि आपल्याकडची, फक्त मूळ प्रोग्रॅम असलेली दुसरी डिस्क बसवली. पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला असता, तर तो काढलेल्या डिस्कवर असता. मग इंटरनेट लावलं. आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. अकराव्या मिनिटाला पडदा काळा.

म्हणजे व्हायरस नव्हताच. त्याच क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. "मग इंटरनेटच खराब असेल," मी म्हणाले.

तपासेकाकाने लगेच पुढची चाचणी केली नाही. अर्धा तास लॅपटॉप नुसता ठेवून दिला. का, ते सांगितलं नाही, आणि मी वैतागून खिडकीबाहेर बघत बसले. मग त्याने इंटरनेट पूर्ण बंद केलं आणि लॅपटॉपला मूळ संख्या (एक आणि स्वतः सोडून ज्यांना दुसऱ्या कशानेच पूर्ण भाग जात नाही अशा संख्या) शोधायला लावलं, न थांबता. नवव्या मिनिटाला लॅपटॉप बंद.

"इंटरनेट नव्हतं, तरी बंद पडला," मी हळूच म्हणाले.

"मग निबंधात आणि या दोन कामांत फरक काय?"

मग त्यानेच समजावलं. "तू निबंध लिहितेस तेव्हा दोन अक्षरांच्या मध्ये प्रोसेसर (संगणकातला आकडेमोड करणारा भाग) रिकामा बसलेला असतो. इंटरनेटवरचं पान मात्र वहीच्या पानासारखं गप्प पडून राहत नाही. त्याच्याबरोबर कितीतरी छोटे प्रोग्रॅम येतात, हलती चित्रं येतात. व्हिडिओ तर घडी घालून पाठवलेला असतो, तो दर सेकंदाला तीस वेळा उलगडावा लागतो. प्रोसेसरला उसंतच मिळत नाही. आता हात लावून बघ."

मी लॅपटॉपच्या खालच्या बाजूला तळवा लावला आणि झटकन काढला. तवाच होता तो.

"काम करताना प्रोसेसर जेवढी वीज वापरतो, तिची शेवटी उष्णताच होते. तांब्याची एक नळी ती उष्णता पंख्यापर्यंत नेते आणि पंखा ती बाहेर फेकतो. तरीही तापमान फार वाढलं, तर लॅपटॉप जळण्याआधी स्वतःच वीज तोडतो. बंद पडणं हा त्याचा आजार नाही, बचाव आहे."

अर्धा तास का थांबलो, ते मला आता कळलं. आधीच तापलेला लॅपटॉप घेऊन चाचणी केली असती, तर दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या.

तो पुन्हा निवल्यावर तिसरी चाचणी केली. इंटरनेट चालू, आणि लॅपटॉप दोन विटांवर ठेवून खालून टेबलपंख्याचा वारा. अकरा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. लॅपटॉप चालूच.

"म्हणजे आतली उष्णता बाहेर पडत नाही," तपासेकाका म्हणाला. "खालच्या जाळीपाशी काहीतरी अडलंय. स्क्रू काढ."

जाळी हा शब्द ऐकला आणि हातात घेतलेला स्क्रूड्रायव्हर मी पुन्हा खाली ठेवला.

खंडेनवमीला वर्गातल्या अवजारांची पूजा मीच मांडली होती. कंपासपेट्या, कात्र्या, सूक्ष्मदर्शक आणि लॅपटॉप. लॅपटॉपच्या झाकणावर चाळीस वर्षांची स्टिकरं होती, स्वस्तिक काढायला जागाच नव्हती. म्हणून मी त्याला पालथा घातला आणि खालच्या बाजूला ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. वर मूठभर अक्षता टाकल्या. चारपाच दाणे जाळीतून आत गेलेले मी पाहिले होते. आशीर्वाद थेट आत पोचला, असंच मला वाटलं होतं.

हे मी विसरले होते, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सरांनी विचारलं, तेव्हा ते दाणे माझ्या डोळ्यांसमोरून गेले होते. मी ते बाजूला सारले आणि जुईचं नाव घेतलं.

शेवटचा स्क्रू मी मुद्दामच सावकाश काढला. झाकण निघालं. पंख्याचं पातं आणि त्याची कड यांच्या मध्ये लालभडक तांदळाचा दाणा अडकून बसला होता. कुंकू मीच जास्त घातलं होतं, माझ्या अक्षता मी कुठेही ओळखल्या असत्या. कुंकवाचे ओघळ धुळीत मिसळून जाळीवर घट्ट थर बसला होता.

तपासेकाकाने चिमट्याने दाणा काढला, तळाशी पडलेले बाकीचेही वेचले, जाळी साफ केली आणि नोंद वाचून दाखवली. "दोष, पंख्यात तांदळाचा दाणा. उपाय, दाणा काढला, जाळी साफ केली."

"कुणी टाकला, ते लिहिणार?" मी विचारलं.

"तसा रकाना नाही. यंत्राला त्याचा उपयोग नसतो."

मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की त्या सुटकेचीच मला लाज वाटली.

"मला एक कळलं नाही," तपासेकाका म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता, त्याला टोमणे मारता येत नाहीत. "पेन ड्राइव्हमुळे जुई घुलेला गटातून काढलं, असं तू सांगितलंस. दोष पेन ड्राइव्हचा नाही, हे पहिल्याच चाचणीत कळलं. मग ती अजून बाहेर का आहे?"

मी तो दाणा पेनच्या टोपणात घालून घरी आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पालथा लॅपटॉप, अक्षता, आणि सरांनी विचारलं तेव्हा मला ते आठवलं होतं, हेही. कुणी हसलं असतं तर सोपं गेलं असतं. कुणी हसलं नाही.

"चूक माझीही आहे," सर म्हणाले. "तपासण्याआधीच मी तुला काढलं, जुई. तू गटात परत ये."

जुई माझ्याकडे बघत होती. "येते की," ती म्हणाली. "पण गावाकडचा आहे म्हणलीस, ते कशाला?"

खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते चांगलं नव्हतं. "तसं म्हटलं की सगळ्यांना लगेच पटेल, असं वाटलं," मी म्हणाले. "माझं चुकलं, जुई."

ती खाली बसली आणि तिने वही उघडली.

चार दिवसांनी चंद्रतळाशी संपर्क जुळला. आपला आवाज चंद्रावर पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि उत्तर परत यायला तेवढाच, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबावं लागत होतं. जुईची पाळी आली. तिने रुमाल सोडला आणि पेन ड्राइव्ह माझ्यापुढे धरला.

"तू लाव," ती म्हणाली.

सगळा वर्ग बघत होता. मी तो घेतला आणि लॅपटॉपला लावला. शेततळ्यातले बेडूक एकदम ओरडायला लागले. चंद्रावरची नऊ मुलं पडद्याजवळ सरकली. मग एका छोट्या मुलाने विचारलं, "त्यांना काही दुखतंय का?"

जुई हसली आणि सांगायला लागली, की नर बेडूक माद्यांना साद घालतात, प्रत्येक जातीचा आवाज वेगळा असतो, आणि चंद्रावर बेडूक आणायचेच असतील तर आधी तिथे तळं लागेल. तो मुलगा म्हणाला, मोठा झाल्यावर तो तळंच बांधणार आहे.

मी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. लॅपटॉपच्या पोटात पंखा भिरभिरत होता. नऊ मिनिटं, दहा. अकरावं मिनिट सुरू झालं. बेडूक ओरडतच राहिले.

जुईने माझ्याकडे बघितलं नाही. पण ती हळूच म्हणाली, "बारा झाली."